साक्षीवांचून खेळ

लहानपणीं आम्ही मुलें संध्याकाळीं मारुतीच्या पारापुढें हुतूतू खेळत असूं. जालना हा त्या वेळीं औरंगाबाद जिल्ह्यांतील एक तालुका होता. त्याचा स्वतंत्र जिल्हा १ मे १९८१ रोजीं झाला. रेषा पायाच्या अंगठ्यानें ओढलेल्या असत आणि पंच म्हणून नुकताच तापांतून उठलेला एखादा मुलगा उभा असे. कोणाचा पाय रेषेबाहेर गेला, कोणाचा हात कोणाला लागला, यावर भांडणें होत व तीं पंच कसाबसा मिटवी. परंतु एक गोष्ट त्याला कधींच ठरवितां येत नसे. चढाई करणाऱ्यानें एका दमांत 'हुतूतू' म्हणत राहावयाचें असतें; पण एखादा चतुर खेळाडू दोन 'तू'च्या मध्यें हळूच श्वास घेई. याला आम्ही दम चोरणें म्हणत असूं. दम चोरला कीं नाहीं हें साऱ्या जगांत एकाच माणसाला ठाऊक असे, आणि आरोपीहि तोच असे.

पुढें मी तर्कशास्त्राचा अध्यापक झालों आणि हा प्रश्न विसरून गेलों. पन्नाशी उलटल्यावर एका माजी विद्यार्थ्याच्या नादानें मला हौशी बिनतारीचा छंद जडला, आणि तेथें तोच प्रश्न निराळ्या वेषांत पुढें येऊन उभा राहिला. त्याची हकीकत व तिच्यावरून सुचलेले कांहीं विचार वाचकांपुढें ठेवावे, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

रेडिओ म्हटला कीं बहुतेकांच्या डोळ्यांपुढें गाणीं व बातम्या ऐकण्याचें यंत्र येतें. परंतु सरकारी परीक्षा देऊन, परवाना मिळवून, स्वतःच्या संचावरून परदेशांतील तशाच हौशी माणसाशीं बोलणाऱ्यांचा एक वर्ग जगभर पसरलेला आहे. त्यांना हॅम म्हणतात. प्रत्येकाला आपापल्या सरकारकडून अक्षरें व आंकडे मिळून झालेली एक कॉल-साइन मिळते. तेंच त्याचें आकाशांतील नांव. भारतांतील बहुतेक नांवें 'व्हीयू' या अक्षरांनीं सुरू होतात. या लहरींवर धंद्याचें बोलणें करावयाचें नाहीं, पैसा मिळवावयाचा नाहीं, हा या छंदाचा पाया आहे.

या लोकांच्या चढाओढींत सर्वांत गाजलेली म्हणजे 'सीक्यू वर्ल्ड वाइड'. ती १९४८ पासून चालत आली आहे. ऑक्टोबरच्या शेवटच्या पूर्ण शनिवार-रविवारीं तोंडी बोलण्याची आणि नोव्हेंबरच्या शेवटच्या पूर्ण शनिवार-रविवारीं मोर्स लिपीची, अशा तिच्या दोन फेऱ्या होतात. प्रत्येक फेरी ४८ तासांची. ग्रीनिचच्या मध्यरात्रीं आरंभ होतो. म्हणजे आपल्याकडे शनिवारीं पहाटें साडेपांचाला खेळ सुरू होतो आणि सोमवारीं पहाटें साडेपांचाला संपतो. खेळ दिसावयास सोपा आहे. ठराविक पट्ट्यांवर जितक्या अधिक स्टेशनांशीं गांठ पडेल तितकी पाडावयाची. गांठ म्हणजे काय? दोघांनीं एकमेकांची कॉल-साइन घ्यावयाची, आवाज कसा येतो त्याचा आंकडा द्यावयाचा, आणि पृथ्वीचे जे ४० विभाग कल्पिलेले आहेत त्यांपैकीं आपला विभाग सांगावयाचा. भारताचा विभाग २२. हें सारें बिनचूक टिपलें कीं गांठ पुरी झाली. दुसऱ्या खंडांतील माणसाशीं पडलेल्या गांठीला तीन गुण, आशियांतीलच दुसऱ्या देशाशीं पडलेल्या गांठीला एक, आणि देशबांधवाशीं बोलण्याला शून्य. प्रत्येक पट्ट्यावर नवा देश किंवा नवा विभाग भेटला म्हणजे तो गुणक होतो. गुणांच्या बेरजेला गुणकांच्या बेरजेनें गुणलें कीं अखेरचा आंकडा येतो. त्यामुळें अखेरच्या घटकेस सांपडलेला एक दुर्मिळ देश साऱ्या दोन दिवसांच्या मेहनतीला गुणीत असतो. मोहाचें मूळ येथें आहे, तें वाचकांनीं लक्षांत ठेवावें.

न्यायाचा पहिला प्रश्न साधनांविषयीं उपस्थित होतो. जालना शहरांत माझ्या गच्चीवरून खेळणें व्यर्थ आहे. लोखंड वितळविणाऱ्या विजेच्या भट्ट्या, उच्च दाबाच्या तारा, घरोघरचे स्वस्त दिवे या सर्वांची मिळून एक घरघर कानांत सतत चालू असते, आणि तिच्याखालीं दूरदेशचे क्षीण आवाज गाडले जातात. म्हणून आम्ही अंबडकडे जाणाऱ्या रस्त्यालगतच्या, त्या माजी विद्यार्थ्याच्या वडिलांच्या शेतांत गेलों. शंभर वॅटचा एक संच, दोन बॅटऱ्या, एक लॅपटॉप, आणि चाळीस मीटरच्या पट्ट्यासाठीं वीस मीटर लांबीची साधी तार. ती मध्यावर पस्तीस फुटी बांबूला टांगून दोन्ही टोकें बाभळींना बांधलेलीं. हें झालें आमचें साधन. पलीकडे युरोप-अमेरिकेंत असे लोक आहेत कीं, ज्यांचे मनोरे शंभर-शंभर फूट उंच आहेत, ज्यांचीं एरियलें खोलींत बसून हव्या त्या दिशेला फिरवितां येतात, आणि ज्यांच्या ॲम्प्लिफायरची शक्ति पंधराशें वॅट आहे. भूगोलहि समदृष्टि नाहीं. युरोपांतील माणसाच्या उंबरठ्याशीं डझनावारी देश आहेत. आमच्याकडून अमेरिकेच्या बऱ्याच भागाकडे जाणारी सरळ वाट उत्तर ध्रुवाजवळून जाते, आणि तेथील अस्वस्थ आकाश आमचा आवाज गिळून टाकतें.

ही विषमता अन्याय्य आहे काय? प्रथमदर्शनीं तसें वाटतें खरें. परंतु तिचें माप घेऊन पाहिलें पाहिजे. पंधरापट शक्तीचा फरक ऐकणाऱ्याच्या कांट्यावर जेमतेम दोन पायऱ्यांचा असतो. एरियलची उंची व जागेची शांतता यांचें महत्त्व त्याहून अधिक, आणि बांबू अधिक उंच करण्यास मनगट पुरतें. शिवाय कुस्तींत जशी वजनाप्रमाणें जोड लावतात, तसे येथेंहि शक्तीचे वर्ग आहेत: पांच वॅटपर्यंतचा, शंभर वॅटपर्यंतचा आणि पंधराशें वॅटपर्यंतचा. शंभर वॅटवाल्याला शंभर वॅटवाल्यांतच मोजतात. पूर्ण समतेचाहि प्रयोग झालेला आहे. १९९० सालीं सिएटल येथें हॅम लोकांची एक जागतिक अजिंक्यपदाची स्पर्धा सुरू झाली. तिचा २०१४ सालचा मेळा अमेरिकेच्या न्यू इंग्लंड भागांत भरला, तेव्हां ५९ जोड्यांना सारख्या उंचीचे मनोरे, सारखीं एरियलें आणि शंभर वॅटचीच मर्यादा देण्यांत आली, आणि प्रत्येक जोडीच्या शेजारीं कानाला हेडफोन लावून एक पंच बसविण्यांत आला. न्यायाची याहून कडेकोट व्यवस्था मनुष्याला करतां येईल असें वाटत नाहीं.

पण तेथें पंच बसवावा लागला, ही गोष्ट मला अर्थपूर्ण वाटते. साधनें सारखीं केलीं म्हणजे दम चोरण्याचा प्रश्न सुटत नाहीं. आणि दर ऑक्टोबरांत जे हजारों लोक आपापल्या खोल्यांत, गच्च्यांवर व शेतांत एकटे बसून खेळतात, त्यांच्या शेजारीं पंच बसविणें शक्यहि नाहीं. मी किती वॅट वापरले हें मीच सांगावयाचें आणि जगानें मानावयाचें. तेव्हां या खेळांतील न्याय साधनांच्या समतेवर उभा नसून साधनांच्या खऱ्या जाहीरनाम्यावर उभा आहे. पंधराशें वॅट वापरणारा अन्यायी नव्हे; पंधराशें वापरून शंभर लिहिणारा अन्यायी होय.

या मताविरुद्ध एक आक्षेप माझ्याच मनांत पहिल्या दिवशीं आला होता. आवाज कसा येतो हें सांगण्याची हॅम लोकांची जुनी पद्धत दोन आंकड्यांची आहे. पहिला आंकडा एक ते पांच, शब्द कितपत कळतात याचा; दुसरा एक ते नऊ, आवाज किती जोरदार आहे याचा. पांच-नऊ म्हणजे सर्वोत्तम. चढाओढींत मात्र प्रत्येकजण प्रत्येकाला पांच-नऊच देतो. आवाज मुंगीच्या पावलासारखा असला तरी पांच-नऊ! 'आपण पांच-नऊ आहांत. कृपा करून आपलें नांव पुन्हा सांगा, मुळींच ऐकूं आलें नाहीं', असा संवाद मीं स्वतः ऐकला आणि हंसूं आवरेना. ज्या खेळांत प्रत्येक गांठीला एक असत्य ठरलेलें, तेथें सत्याची चर्चा कशाला, असें वाटलें.

अधिक विचार करतां हा आक्षेप टिकत नाहीं. आपण कोणाच्या घरून निघतांना 'जातों' म्हणत नाहीं, 'येतों' म्हणतों. आणि यजमान तांदूळ वाढवून ठेवीत नाहीं. कां? तर त्या शब्दानें येण्याची बातमी दिली जात नाहीं, हें दोघांनाहि ठाऊक असतें. जेथें विधान करण्याचा हेतूच नाहीं व ऐकणाराहि तें विधान म्हणून घेत नाहीं, तेथें असत्य संभवत नाहीं. चढाओढींतील पांच-नऊ हा असाच एक नमस्कार आहे. उलट, ज्या शब्दावर दुसरा माणूस विसंबून राहतो तो शब्द कितीहि लहान असला तरी विधान होय. युधिष्ठिराचा तो प्रसिद्ध अर्धवट उच्चारलेला शब्द याच कारणानें त्याच्या रथाला भोंवला. द्रोणाचार्य त्या शब्दावर विसंबले होते.

मग या खेळांत विधान कोणतें? माझ्या मतें प्रत्येक नोंद हें एक विधान आहे, आणि तें केवळ 'अमुक नांवाच्या स्टेशनाशीं गांठ पडली' एवढेंच नव्हे, तर 'तें नांव मीं ऐकलें' असें आहे. येथें आपल्या न्यायशास्त्राची थोडी मदत घेतों. नैयायिकांनीं यथार्थ ज्ञानाचीं साधनें चार मानलीं आहेत: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. कानांत आलेला आवाज हें प्रत्यक्ष. हल्लीं इंटरनेटवर अशी सोय आहे कीं, एकाला एखादें स्टेशन सांपडलें म्हणजे तो तें कोठें ऐकूं येतें हें जाहीर करतो आणि बाकीचे तेथें धांव घेतात. हें शब्दप्रमाण झालें. गंमत अशी कीं, चढाओढीनें शब्दप्रमाण वर्ज्य केलेलें नाहीं. ज्यांना तें घ्यावयाचें त्यांच्यासाठीं 'साहाय्य घेणाऱ्यां'चा वर्ग वेगळा केला आहे. घ्या, पण घेतलें म्हणून सांगा. कांहीं साधनें मात्र सर्वांनाच वर्ज्य आहेत. इंटरनेटवरून युरोपांतील एखाद्या यंत्राच्या कानानें ऐकावयाचें आणि उत्तर जालन्याहून द्यावयाचें, हें नियमाबाहेर आहे; बोलण्याचें व ऐकण्याचें यंत्र एकाच जागीं असलें पाहिजे. चढाओढ संपल्यावर नोंदींच्या वेळा मागें-पुढें करणें किंवा ध्वनिमुद्रण अथवा याद्या पाहून नांवें दुरुस्त करणें, हेंहि निषिद्ध आहे. या सर्व नियमांच्या मुळाशीं एकच मागणी आहे: जें जाणलें तें कशानें जाणलें हें खरें सांगा.

आतां माझी हकीकत. २०२३ सालची ऑक्टोबरची चढाओढ २८ व २९ तारखेस आली. पहिल्या रात्रीं कोजागरी होती आणि मध्यरात्र उलटल्यावर चंद्राला खंडग्रास ग्रहणहि लागलें. कापसाच्या वेचणीचे दिवस. शेतावर माणसांची वर्दळ होती. परवाना माझ्याजवळहि आहे; पण त्या वेळीं नोंद एकट्याच्या वर्गांत त्या मुलाच्या नांवानें होती, म्हणून संचाला हात लावण्याचा अधिकार त्याचाच. माझें काम चहा करणें, बॅटरी पाहणें, आणि गप्प बसणें. दोन दिवसांत चारशेंच्या आसपास गांठी पडल्या. त्याच्याजवळ पाहून मला कळलें कीं, या खेळांत बोलण्यापेक्षां ऐकण्याचें कसब मोठें. एका दुर्मिळ स्टेशनाला शेंकडों लोक एकदम हांका मारतात, तेव्हां जो अधिक ओरडतो त्याचा नंबर लागतो असें नाहीं. जो आधीं दोन मिनिटें मुकाट ऐकून, तें स्टेशन कोणत्या तालावर व कोणत्या बाजूला ऐकतें हें ओळखतो, आणि नेमक्या क्षणीं आपलें नांव एकदांच सांगतो, त्याचा लागतो. दुसऱ्याची गांठ चालू असतां मध्यें न बोलणें, मोकळी दिसणारी जागा घेण्यापूर्वीं ती मोकळी आहे काय हें विचारणें, ही केवळ सभ्यता नव्हे, तें तंत्रच आहे.

सोमवारीं पहाटें खेळ संपावयास तीन मिनिटें उरलीं होतीं. चाळीस मीटरच्या पट्ट्यावर अटलांटिकच्या पलीकडून, वेस्ट इंडीज बेटांकडून, एक आवाज वर आला. मुलानें हांक मारली आणि आश्चर्य असें कीं पहिल्याच हांकेला उत्तर आलें. त्या माणसानें आमचें नांव बिनचूक उच्चारलें, पांच-नऊ दिलें, आपला विभाग आठ म्हणून सांगितला, आणि आपली कॉल-साइन सांगूं लागला तोंच आवाज बुडाला. पहिलीं तीन अक्षरें आलीं. पुढचीं दोन आलींच नाहींत. पुन्हा सांगण्याची विनंति केली; उत्तर नाहीं. मुलानें तीं तीन अक्षरें लॅपटॉपवर मारलीं. चढाओढींत नेहमीं दिसणाऱ्या नांवांची एक मोठी यादी त्या यंत्रांत असते, आणि ती वापरण्यास बंदी नाहीं. पडद्यावर तीं तीन अक्षरें असलेलें एकच नांव उमटलें. त्या पट्ट्यावर तो देशहि नवा, विभागहि नवा, दोन गुणक. त्यानें माझ्याकडे पाहिलें. "सर, लिहूं का?"

मीं मान हलविली.

नंतर कित्येक महिन्यांनीं निकाल आला आणि त्याबरोबर तपासणीचा अहवालहि. ही तपासणी पाहण्यासारखी असते. जगांतून आलेल्या सर्व नोंदवह्या यंत्रानें एकमेकींशीं ताडून पाहतात. माझ्या वहींत तुमचें नांव असेल तर तुमच्या वहींत माझें सांपडलें पाहिजे. न सांपडलें, किंवा एक अक्षर चुकलें, तर ती गांठ तर कटतेच, वर दंडाचेहि गुण जातात. जीं नांवें साऱ्या जगांत एकाच वहींत दिसतात, त्यांच्याकडे परीक्षक संशयानें पाहतात. अव्वल क्रमांकांच्या आसपास येणाऱ्यांकडे ध्वनिमुद्रणहि मागतां येतें. या चाळणींतून आमच्या सात नोंदी कटल्या. त्या सातहि मुलानें स्वतःच्या कानांनीं, प्रामाणिकपणें, पण चुकीच्या ऐकल्या होत्या. आणि न ऐकलेली ती एक नोंद बरोबर ठरली! पलीकडच्या माणसाच्या वहींत आमचें नांव होतें. आमचा तर्क अचूक होता. मुलगा अहवाल घेऊन घरीं आला आणि हंसत म्हणाला, "सर, बरोबर आलं की."

त्याला तेव्हां मला उत्तर देतां आलें नाहीं. तो निघून गेल्यावर मात्र मी अस्वस्थ झालों. कोणाचें काय गेलें? पलीकडच्या माणसाला त्याची गांठ मिळालीच. नोंदींतील मजकूर सत्य होता. नियमाचें कलम मोडलें असें छातीठोकपणें म्हणतां येत नाहीं. फार तर माझी हललेली मान ही एकट्याच्या खेळांत दुसऱ्याची मदत ठरेल. तरीहि दम चोरल्याची ती जुनी जाणीव कां व्हावी?

प्लेटोच्या 'मेनो' या संवादांत लारिसा नगरीच्या वाटेची एक चर्चा आहे. वाट ठाऊक असलेला माणूस तेथें पोंचवितो आणि केवळ अंदाजानें बरोबर वाट सांगणाराहि तेथेंच पोंचवितो. मग ज्ञानाची थोरवी ती काय, असा तेथील प्रश्न. आपल्याकडे याच जातीच्या योगायोगाला काकतालीय म्हणतात: कावळा बसावयास आणि ताडाचें फळ पडावयास गांठ पडते. कोणी म्हणेल, आमचा तर्क इतका पोकळ नव्हता. तीन अक्षरें होतीं, विभाग आठ होता, यादींत दुसरें नांव नव्हतें. हें अनुमान कां म्हणूं नये? म्हणावें, तें बऱ्यापैकीं अनुमान होतें हें मी कबूल करतों. पण नोंद अनुमानाची नव्हती. नोंदवहीच्या त्या रकान्याचा अर्थ 'ऐकलेलें नांव' असा आहे. कोर्टांत एखादा साक्षीदार शपथेवर सांगतो कीं मीं अमक्याला चोरी करतांना पाहिलें. तो त्या जागीं नव्हताच. पण आसपासच्या गोष्टींवरून त्यानें बांधलेला तर्क खरा निघतो, चोर तोच असतो. म्हणून त्याची साक्ष खरी ठरते काय? चोर खरा, पण साक्ष खोटी. आमच्या नोंदींत नांव खरें होतें आणि साक्ष खोटी होती. तपासणीची चाळणी नांवें गाळूं शकते. साक्ष गाळणारी चाळणी कोणाला करतां आलेली नाहीं.

या बाबतींत एका यंत्रानें मला लाज आणली. २०१७ पासून हॅम लोकांत 'एफटी-८' नांवाची एक संगणकी पद्धत पसरली आहे. भौतिकशास्त्रांत नोबेल मिळविलेले जोसेफ टेलर हे तिच्या कर्त्यांपैकीं एक. कानाला जेथें कांहींच ऐकूं येत नाहीं तेथूनहि ती लहान संदेश उकलते. फार क्षीण संदेश उकलतांना तें यंत्र, येथें अमुक नांव असण्याचा संभव आहे, असा पूर्वग्रह धरूनहि पाहतें. म्हणजे तेंहि तर्क लढवितें. परंतु अशा रीतीनें उकललेल्या ओळीच्या शेवटीं तें एक लहानशी खूण ठेवतें, आणि खात्री कमी असली तर प्रश्नचिन्ह. तर्क केला तर केला म्हणून सांगतें. माझ्या मान हलविण्याला असली खूण नव्हती.

येथें व्यवहारी वाचक म्हणेल, 'मास्तर, खेळ तो खेळ. त्याचें एवढें काय?' त्याला मी आपल्याच मराठवाड्यांतील गोष्ट सांगतों. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटें लातूर जिल्ह्यांत किल्लारीच्या परिसरांत भूकंप झाला, तेव्हां जे संदेश नेण्या-आणण्यासाठीं धांवले त्यांत हे हौशी बिनतारीवाले होते. त्याहून बोलकी गोष्ट २००४ सालची आहे. दिल्लीच्या भारती प्रसाद या बाई कांहीं हॅम सोबत्यांसह अंदमानांत पोर्ट ब्लेअर येथें गेल्या होत्या. हेतु खेळाचाच: अंदमानाहून कित्येक वर्षें कोणी हॅम बोललेला नव्हता, आणि जगांतील हौशी लोक त्या दुर्मिळ गांठीसाठीं टपून बसले होते. २६ डिसेंबरला त्सुनामी आली आणि नेहमीचें दळणवळण तुटलें. त्यांनीं खेळ तेथेंच थांबविला आणि त्याच संचावरून बेटांच्या व मुख्य भूमीच्या दरम्यान माणसांच्या खुशालीचे निरोप पाठविण्यास आरंभ केला. संच तोच, कान तेच, संवयीहि त्याच. मी कल्पना करतों कीं, अशा वेळीं वांचलेल्यांची यादी कोणी वाचून दाखवीत आहे आणि एका नांवाचीं पहिलीं तीन अक्षरें ऐकूं येऊन आवाज बुडाला. ऐकणाऱ्याच्या पुढें गांवाची यादी आहे. तींत तीं अक्षरें असलेलें एकच नांव आहे. तो काय लिहील? खेळांत जें लिहिण्याची संवय त्यानें हाताला लावली असेल, तेंच. तर्क खरा ठरला तर एका घरांत आनंद. खोटा ठरला तर त्याच घराचें काय होईल तें सांगवत नाहीं. आणि लिहितांना या दोहोंतील फरक त्याला दिसणार नाहीं, कारण दोन्ही वेळां त्याची खात्री सारखीच असते. खेळ हा संवयी लावण्याचा धंदा आहे, म्हणूनच तो क्षुल्लक नव्हे.

मीं हें सारें त्या मुलाला पुढें सांगितलें. त्यानें ऐकून घेतलें आणि विचारलें, "मग सर, त्या सात नोंदी ऐकून लिहिल्या होत्या, त्यांचे गुण कां गेले?" प्रश्न बरोबर होता. मी म्हणालों, "ते जावयासच पाहिजेत. चुकीचें ऐकणें हा कानाचा दोष आणि त्याची किंमत खेळांत द्यावी लागते. त्या सातांत तूं खोटा नव्हतास, एवढेंच." त्याचें समाधान झालें असें मला वाटलें नाहीं. गुण गेले ते सचोटीचे आणि राहिले ते तर्काचे, ही गोष्ट त्याच्या वयाला पटणें कठीण. माझ्याहि वयाला ती सहज पटत नाहीं.

२०२४ सालीं २६ व २७ ऑक्टोबरला पुन्हा चढाओढ आली. यंदा नोंद माझ्या नांवाची होती. तो मुलगा नोकरीवर असल्यामुळें मी शेतांत एकटा होतों. सोमवारीं वसुबारस, शेजारच्या गोठ्यांत पहाटेंपासूनच गाईंना धुण्याची गडबड चालली होती. पांचाच्या सुमारास दक्षिण अमेरिकेंतील एका स्टेशनानें माझें नांव घेतलें. त्याच्या नांवांतील शेवटचें अक्षर 'बी' कीं 'डी' हें मला कळलें नाहीं. यादींत 'बी'वालें नांव होतें, 'डी'वालें नव्हतें. पुन्हा विचारण्यापूर्वीं तो दुसऱ्याकडे वळला. त्यानें आपलें नांव पुन्हा सांगेपर्यंत थांबावें म्हणून मी पंधरा मिनिटें तेथेंच कान लावून बसलों, आणि तेवढ्यांत त्याचा आवाजच मावळला. नोंदीची ओळ मीं पुसून टाकली.

तें अक्षर बहुधा 'बी'च असावें. त्या देशाचा गुणक माझ्या हातून गेला आणि त्याची हळहळ मला अजून वाटते. ती वाटत नाहीं असें लिहिलें तर ती आणखी एक खोटी नोंद होईल. मारुतीच्या पारापुढें श्वास संपत आला असतां, रेषा दोन हातांवर दिसत असतां, 'दम गेला' असें आपण होऊन सांगून बसणारा एक मुलगा आमच्यांत होता. आम्ही त्याला खुळा म्हणत असूं. आमच्या टोळीला त्याच्यामुळें डाव गमवावा लागे. तरी पंच म्हणून कोणाला उभें करावयाचें यावर वाद झाला, कीं दोन्ही टोळ्या त्याचेंच नांव घेत.